कुत्र्याची किडनी बिघडलीय? मग या चुका टाळा

आपल्याकडे कुत्रं जास्त पाणी प्यायला लागलं की सगळे एकच म्हणतात, "ऊन केवढं पडलंय भाऊ, पिणारच ना". जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो त्यामुळे ते पटतंही, आणि किडनीचा आजार नेमका इथेच नजरेतून सुटतो. उन्हाने तहानलेल्या धडधाकट कुत्र्याची लघवी थोडी आणि गडद पिवळी असते, कारण किडनी पाणी धरून ठेवते. किडनी बिघडलेलं कुत्रं भांडंच्या भांडं रिकामं करतं आणि लघवीही धो धो, बिनरंगाची करतं, रात्री उठून दारावर पंजे मारतं. शंका आली तर मोजा ना, सकाळी मापाने पाणी भरायचं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं, किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटरच्या वर पाणी प्यायलं तर उन्हावर ढकलू नका. फक्त अंगणातल्या हौदातून गुपचूप पीत असेल तर हिशेब चुकतो.

दुसरी चूक मला सगळ्यात वाईट वाटते. घरात लघवी करतं म्हणून संध्याकाळी पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात. अहो, त्याच्या किडनीला लघवी घट्ट करताच येत नाही, पाणी तोडलं तरी लघवी होतच राहणार आणि अंगातलं पाणी आटून उरलीसुरली किडनीही जाणार. फरशी पुसा, रात्री एक चक्कर जास्त मारा, पण पाणी चोवीस तास समोर हवं.

रिपोर्टचं पण तसंच. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, नॉर्मल आलं की लोक निवांत होतात, पण ते वाढायला लागतं तोवर साधारण पाऊण किडनी गेलेली असते. म्हणून सकाळची पहिली लघवी तपासून घ्या, तिची घनता आणि त्यात प्रोटीन किती जातंय ते बघा, एसडीएमए ही किडनीची रक्ततपासणी होत असेल तर तीही करा. तालुक्याला माणसांच्याच लॅबमध्ये रक्त दिलं असेल तर कागदावर छापलेली रेंज माणसांची असते हे विसरू नका, कुत्र्यात क्रिएटिनिन १.४ ते २.८ म्हणजे किडनीच्या आजाराची दुसरी स्टेज आणि ५ च्या वर चौथी, म्हणजे शेवटची. आणि उलटं पण होतं, उलट्या करून सुकलेल्या कुत्र्याचा आकडा ६ आला की घरचे आशाच सोडतात. आधी सलाईनने पाणी भरून काढा, मग परत तपासा, स्टेज तेव्हा ठरते.

पावसाळ्यात अचानक खाणं सुटलं, उलट्या, डोळे पिवळे, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. उंदराच्या लघवीने होतो, माणसालाही होतो, त्यामुळे कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. वेळेत औषध मिळालं तर अशी किडनी सावरू शकते, म्हणून दोन दिवस वाट बघत बसू नका. गोचीड तापानेही किडनीला मार बसतो.

लंगडतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाहीतर निमेसुलाइडची गोळी देणं, हे तर कधीच नको. मुतखड्यावर आपण पानफुटीची पानं खातो ना, ती कुत्र्याच्या हृदयाला विषारी असतात. द्राक्षं, मनुके, चिंच हेही थेट किडनीवर जातं.

जेवणात लोक घाबरून प्रोटीन पूर्ण बंद करतात, मग कुत्रं नुसतं हाडांचा सापळा होतं. मोठा शत्रू फॉस्फरस, म्हणजे हाडं, कलेजी, दूध, पनीर. आपली कळण्याची भाकरी दुधात कुस्करून देतात तीही बंद, आणि शेवभाजीचा रस्सा तर कुठल्याच कुत्र्याला नको, मीठ-कांदा-लसूण सगळं त्यात. परवडत असेल तर रीनल डाएटचं (किडनीच्या कुत्र्यांसाठीच्या तयार जेवणाचं) पॅकेट, नाहीतर भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं तूप, पण रोज हेच द्यायचं असेल तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून बसवून घ्या. मळमळ चालू असताना नवीन जेवण पुढे करू नका, एकदा वासाची शिसारी बसली की नंतर तोंड लावत नाही. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणातच मिसळायची, उपाशीपोटी दिलेली वाया.

डॉक्टरांनी घरी कातडीखाली आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) द्यायला शिकवलं असेल तर खांद्यांमध्ये मोठा फुगा येतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो, घाबरू नका, काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढची बाटली लावू नका, आधी विचारा. आरएल संपलं म्हणून मेडिकलवरून डेक्स्ट्रोजवाली बाटली आणून तीच टोचू नका. आणि बीपीसाठी किंवा लघवीतून जाणाऱ्या प्रोटीनसाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल आणि कुत्र्याने उलट्या करून पाणीही सोडलं, तर त्या दिवशीची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.