परमिट हातात आहे म्हणून सगळं चालत नाही: पारंपरिक वस्त्यांत फिरताना या चुका टाळा

पारंपरिक समाजांच्या गावी जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: एकाने हो म्हटलं की सगळ्यांचा होकार मिळाला. प्रत्यक्षात सरकारी परमिट, गावाची संमती, समोरच्या माणसाचा होकार आणि काढलेला फोटो पुढे वापरायला त्याची हरकत नसणं, या चारही गोष्टी वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात.

परमिटवर विसंबणं. नागालँड, मिझोराम, अरुणाचल प्रदेश किंवा मणिपूरला जाताना इतर राज्यांतल्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं. ते राज्यात शिरण्यापुरतं. गावात पोचल्यावर आधी गावप्रमुखाला किंवा ग्रामपरिषदेला भेटा आणि थेट विचारा: कुठे जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, सध्या एखादा विधी चालू आहे का. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या महाकाय खडकावर चढू नका, असं तिथले अनांगू लोक वर्षानुवर्षं सांगत होते. कायद्याने मात्र २६ ऑक्टोबर २०१९ ला बंदी येईपर्यंत चढता येत होतं, आणि लोक चढत होते.

अंदमानात प्रश्न शिष्टाचाराच्या पलीकडचा आहे. जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवर गाड्या ताफ्याने सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं यांना बंदी आहे. बाहेरच्या जगाशी फारसा संपर्क नसलेल्या समाजात गोवरासारखा आजार झपाट्याने पसरतो, आणि जारवांमध्ये तशी साथ येऊन गेली आहे. ‘जारवा दाखवतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडचं बुकिंग सरळ रद्द करा.

मान हलली म्हणजे होकार, असं धरणं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅमेरा डोळ्याला लावून ‘काढू का?’ विचारलं, तर नाही म्हणणं अवघड जातं. त्यात शेजारी गाइड उभा असेल आणि घराची कमाई त्याने आणलेल्या पाहुण्यांवर असेल, तर आणखीच. म्हणून कॅमेरा खाली ठेवून, आधी दोन शब्द बोलून मग विचारा. फोटो घरी ठेवणार की इन्स्टाग्रामवर टाकणार, हेही सांगा. समोरचा घुटमळला, तर तो नकारच समजा. लहान मुलांसाठी आईवडिलांचा होकार हवा, आणि मुलाच्या चेहऱ्यासोबत नाव, गाव, शाळा कधीही टाकू नका. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन तिथे पोचण्याआधीच बंद करा. चौकातला नाच टिपू दिला म्हणून आतला विधीही टिपता येतो असं नाही. जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागात पर्यटक फोटोसाठी गेइशांच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे लागू लागले. आधी खासगी गल्ल्यांत फोटोबंदी आली, आणि २०२४ मध्ये अशा काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या.

मुलांना चॉकलेट, पेनं, सुटे पैसे वाटणं. गाडी आली की काहीतरी मिळतं हे कळलं, की मुलं शाळेच्या वेळेतही रस्त्यावर उभी राहतात. द्यायचंच असेल तर काय हवं ते शिक्षकांना विचारा आणि शाळेत द्या.

‘जुनी, अस्सल’ वस्तू घेणं. भारतात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत. धनेश पक्ष्याची चोच, वाघनख, अस्वलाचा दात यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकते. ‘आजोबांच्या काळची आहे’ हे उत्तर पोलिसांपुढे टिकत नाही. त्यापेक्षा नवी वस्तू घ्या, शक्यतो करणाऱ्याच्याच हातून. ही कुणी केली, किती दिवस लागले, हे विचारलं की कारखान्यातला माल विकणारा बहुधा विषय बदलतो. कारागिराशी घासाघीस मात्र नको.

कपड्यांबाबत फार विचार नको: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणं यजमान काढतील तिथे काढावीत.

चूक झालीच तर

निषिद्ध वस्तूला हात लागला किंवा नको त्या जागी पाऊल पडलं, तर लपवू नका; लगेच गावप्रमुखाला सांगा. काही ठिकाणी शुद्धीचा विधी करावा लागतो, त्याचा खर्च आपण द्यायचा.

फोटोवरून कुणी चिडलं, तर ‘इथे बंदीचा फलक कुठे आहे?’ हा वाद घालू नका. त्यांच्यासमोर फोटो डिलीट करा, आणि नंतर ‘नुकतेच डिलीट केलेले’ हा फोल्डर उघडून तिथूनही काढा, कारण बहुतेक फोनमध्ये फोटो तिथे काही आठवडे पडून राहतो. ऑटो बॅकअप चालू असेल, तर नेटवर्क आल्यावर क्लाउडवरही तपासा. व्हॉट्सॲपवर आधीच पाठवला असेल, तर तो ‘सगळ्यांसाठी’ डिलीट करा आणि ज्यांनी उतरवून घेतला त्यांनाही काढायला सांगा.