टेंपरेचर सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

स्कॅनरवर पी-०११८ हा फॉल्ट कोड दिसला की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणारा टेंपरेचर सेन्सर बदलायचा, कोड खोडायचा आणि गाडी सोडून द्यायची. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की "आधी मोजून बघ" म्हटलं तर नवी मुलं तोंडाकडे बघत राहतात. मुळात सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही. सर्किटमध्ये व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त आहे, एवढंच तो सांगतो. तार तुटलेली असेल, कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) सैल असेल किंवा सेन्सर आतून तुटला असेल. पी-०११७ आला तर याच्या उलट: व्होल्टेज कमी, म्हणजे बहुधा कुठेतरी शॉर्ट.

यामागचं काम साधं आहे. सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तो थंड असताना रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आपल्या आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवते आणि सेन्सर त्यातले किती खाली ओढतो यावरून तापमान ठरवते. तार तुटली की व्होल्टेज खाली येतच नाही आणि स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. शॉर्ट झाली की आकडा १४०च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. चालून गरम झालेल्या इंजिनावर उणे ४० दिसत असेल, तर ते तापमान नव्हे, तुटलेलं सर्किट आहे.

एक गाडी आठवते. चावी फिरवताच रेडिएटरचा फॅन सुरू, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पार ढासळलेलं. आधीच्या ठिकाणी सेन्सर बदलून झाला होता. कोड परत आला म्हणून दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसवला, तरी तेच. शेवटी मालकाला सांगितलं की ईसीएम गेली. तो बिचारा नवीन ईसीएमच्या तयारीतच आला होता. मी कपलर काढला आणि त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असतं तर आकडा एकदम वर जायला हवा होता. तो उणे ४० वरून हललाच नाही.

आता मल्टिमीटर. लाल पिन सिग्नलवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला: ५ व्होल्ट बरोबर आले. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "सप्लाय आहे, वायरिंग ओके" असा निकाल देतात. काळी पिन तिथून उचलून कपलरच्याच दुसऱ्या पिनेवर ठेवली, तर मीटर शून्यावर. सेन्सरची ग्राउंड वायरच तुटली होती. हार्नेस (वायरांचा जुडगा) बॅटरीच्या ट्रेखालून जिथे वळतो तिथे वरचं प्लास्टिक शाबूत होतं, आतलं तांबं मात्र हिरवं पडून तुटलेलं. बोटांनी दाबत गेल्यावर एका जागी वायर मऊ लागली, तीच ती जागा. खराब तुकडा काढून नवी तार सोल्डर केली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि वळणाला थोडी ढील दिली. नवीन ईसीएम घातली असती तरी हा दोष तिथेच राहिला असता.

म्हणून मी काळी पिन पहिल्यांदा सेन्सरच्याच ग्राउंडवर लावतो. बॅटरीच्या निगेटिव्हवर नंतर. पिना जोडून बघण्याची युक्ती दोन पिनांच्या सेन्सरलाच लावा. काही सेन्सरमध्ये डॅशबोर्डच्या काट्यासाठी वेगळी पिन असते, तिथे डायग्राम न बघता तार घालू नका.

दुसरी चूक म्हणजे सेन्सर फक्त थंड असताना मोजणं. प्रचलित सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या थोडं पुढे दाखवतात. नेमके आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. थंड असताना बरोबर आणि तापल्यावर भरकटणारे सेन्सर कमी नाहीत. शंका असेल तर सेन्सर काढून थर्मामीटरसोबत पाण्यात धरा आणि पाणी हळूहळू तापवा. ओहम सलग उतरत गेले पाहिजेत, मध्येच उडी नको. घाई असणाऱ्यांना हे अर्ध्या तासाचं काम नकोसं वाटतं, आणि त्यांच्याच गाड्या परत येतात.

सगळ्यात स्वस्त तपासणी तर कोणी करतच नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि कूलंटचा आकडा इनटेक हवेच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. मोठा फरक दिसला तर बाहेरच्या तापमानाशी कोणता जुळत नाही ते बघा. संशयित सापडला.

पी-०१२८ वर सेन्सर बदलू नका. इंजिन वेळेत तापत नाही, असं तो कोड सांगतो; बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सरचं टोक कोरडं राहतं आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. आधी पातळी बघा, हवा काढा. अर्थात इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला मी गाडीजवळ उभं करत नाही.

एका वायरच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचं ग्राउंड आट्यांमधूनच मिळतं. वायरचं इन्सुलेशन टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. डॅशबोर्डच्या काट्यावरून निदान करू नका. कित्येक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधोमधच बसून राहतो.

आणि सेन्सरच्या जागी फिक्स रेझिस्टर जोडणं. फॅन बंद होतो, कोड जातो, मालक खूश. पण ईसीएमला आता इंजिन कायम ८० अंशांवरच दिसतं. कूलंट उकळायला लागलं तरी ती फॅन लावणार नाही आणि इंजिनाचं हेड वाकेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. हे जोडणाऱ्याने पाना खाली ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. असा रेझिस्टर सापडलाच तर तो कापून खरा सेन्सर लावा. मग गाडी मालकाच्या हातात देण्याआधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करा, कारण तोवर ती किती वेळा तापली असेल हे कुठेच नोंदलेलं नसतं.