एकच मेनू, बोटालाही आणि माउसलाही

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं हिशोबाचं ॲप दोन जागी चालतं: सकाळी बागेत मोबाइलवर, संध्याकाळी पेढीवर मुनीमजींच्या डेस्कटॉपवर. बागेत बोटांना केळीचा चीक आणि डोक्यावर ऊन. पेढीवर माउस आणि पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचा, ढीग. म्हणून दोन वेगळे मेनू करायचा मोह होतो. करू नका, थोड्याच दिवसांत एकातली सोय दुसऱ्यात सापडेनाशी होते. कामांची यादी एकच ठेवा आणि मांडणी तेवढी बदला.

बोटासाठी प्रत्येक ओळ ४८ पिक्सेल उंच हवी. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी आहे, ॲपलची ४४ पॉइंट (डीपी आणि पॉइंट ही त्यांची स्क्रीनवरची मापं). डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली) मधली २४ पिक्सेलची अट ही अगदी तळाची. चिकट अंगठ्याला ती पुरत नाही. माउसला ३२ पिक्सेल भरपूर झाले. मात्र इंग्रजी अक्षरांच्या बेताने ओळ आखली तर ‘हिशोबपट्टी’तली वेलांटी नाहीतर खालचा जोडाक्षराचा भाग कापला जातो. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या १.५ पट धरा.

कोणती मांडणी दाखवायची हे स्क्रीनच्या रुंदीवरून ठरवणं ही नेहमीची चूक. टच लॅपटॉप रुंदच असतो, आणि डेस्कटॉपवरची अर्धी खिडकी अरुंद. सीएसएसमधली (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) ‘पॉइंटर: कोर्स’ ही अट मुख्य साधन बोटासारखं जाडसर आहे का एवढंच सांगते, माउसबरोबर टचही आहे का, हे ‘एनी-पॉइंटर: कोर्स’ सांगतं. त्याहून खात्रीचं म्हणजे मेनू ज्या स्पर्शाने किंवा क्लिकने उघडला त्याचा ‘पॉइंटरटाइप’ (साधनाचा प्रकार) पाहा: ‘टच’ असेल तर ४८, ‘माउस’ असेल तर ३२. एकदा उघडल्यावर माप बदलू नका, बोटाखालची ओळ सरकते.

बोटाने दाबताच मेनू चमकून मिटतो, ही तक्रार हमखास येते. टॅप झाल्यावर ब्राउझर आधी माउस वर आल्याच्या नकली घटना पाठवतो, मग क्लिक. तुमचा कोड पहिल्यावर मेनू उघडतो आणि दुसऱ्यावर बंद करतो. मेनू क्लिकवरच उघडा, होव्हरला, म्हणजे माउस नुसता वर आणल्यावर, फक्त रंग बदलू द्या. तोही सीएसएसच्या ‘होव्हर: होव्हर’ या अटीत (मुख्य साधनाला होव्हर जमत असेल तरच) टाका, नाहीतर टॅपनंतर रंग तसाच चिकटून राहतो.

बाजूला उघडणारा उपमेनू मोबाइलवर मावत नाही. तिथे त्याच जागी आतली यादी दाखवा, वर मागे जायचा बाण. आणि उजव्या क्लिकमध्ये एकही काम कोंडू नका. दाबून धरलं की तोच मेनू येईल असं गृहीत धरता येत नाही; आयफोनच्या सफारीत उजव्या क्लिकची ‘कॉन्टेक्स्टमेनू’ घटना येतच नाही. प्रत्येक पट्टीच्या ओळीला तीन ठिपक्यांचं बटण द्या. ‘छापा’च्या लगेच खाली ‘रद्द करा’ नको, मध्ये रेघ आणि १६ पिक्सेल जागा सोडा.

मोबाइलवर हा मेनू स्क्रीनच्या तळाशी उघडा: अंगठा पोहोचतो आणि हाताआड काही झाकलं जात नाही. डेस्कटॉपवर मात्र बटणालगतच.

मुनीमजी कीबोर्डवरच काम उरकतात, तेव्हा शॉर्टकट हवेतच. पण कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (देवनागरी टाइप करायची कळींची मांडणी) असेल तर ‘एस’च्या कळीवर ‘े’ असतो, आणि ‘इव्हेंट.की’ (कळीतून उमटलेलं अक्षर) तपासणारा कंट्रोल-एस गप्प बसतो. ‘इव्हेंट.कोड’ तपासा, तो कळीची जागा सांगतो.