विमान अपघातांची कारणे सांगताना या चुका टाळा

मुंबईत विमान अपघाताचा विषय निघाला की फार वेळ न जाता तीनपैकी एक उत्तर पुढे येते: वैमानिक चुकला, यंत्र बिघडले किंवा घातपात झाला. महाविद्यालयातील प्रकल्प, अपघाताच्या स्मृतिदिनी लिहिले जाणारे लेख आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मजकूर या तीन उत्तरांवरच आलटूनपालटून चालतात, आणि मूळ चौकशी अहवालातले त्यांत फारच थोडे उरलेले असते. या शहराच्या विमानतळाशी जोडलेल्या अपघातांची संख्या मोठी आहे आणि त्यांची कारणेही एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. त्यामुळे नेहमीच्या चुका दाखवण्यासाठी फार लांबची उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

अहवालातील वाक्य अर्ध्यावर तोडणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि 'सम्राट अशोक'च्या अपघाताइतकी ती दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. एअर इंडियाचे हे पहिले बोइंग ७४७ विमान १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि धावपट्टी सोडल्यावर सुमारे १०० सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. अपघातानंतर सुरुवातीला घातपाताची शंका घेतली गेली, परंतु ध्वनिमुद्रण, उड्डाणाच्या नोंदी आणि समुद्रातून काढलेले अवशेष तपासल्यावर चौकशीचा रोख वेगळ्या दिशेला वळला.

पश्चिमेकडे उड्डाण केलेल्या विमानाने उजवीकडे एक साधे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कप्तानासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे उपकरण मात्र विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे दाखवत राहिले. त्या चुकीच्या दर्शनाला दुरुस्त करण्यासाठी कप्तानाने विमान डावीकडे वळवले, आणि ते इतके कलले की त्याने ९० अंशांचीही मर्यादा ओलांडली. समोर काळोखा समुद्र होता आणि क्षितिज दिसत नव्हते. अशा वेळी शरीराच्या जाणिवेवर विसंबता येत नाही, कारण संथपणे आलेला कल आतील कानाला कळतच नाही; शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी निघाली असे वाटावे, तसा हा भास पूर्ण खरा वाटतो.

कॉकपिटमध्ये कल दाखवणारी तीन उपकरणे होती: एक कप्तानासमोर, एक सहवैमानिकासमोर आणि एक राखीव. चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा होता की, उपकरण बिघडल्यामुळे कप्तानाला विमानाच्या स्थितीचे भान उरले नाही, त्यातून नियंत्रणांच्या चुकीच्या हालचाली झाल्या, आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात चालक दल अपयशी ठरले. हे एकच सलग विधान आहे. त्याचा पहिला भाग घेऊन 'यंत्र बिघडले' असे लिहिले जाते आणि उरलेला भाग घेऊन 'वैमानिक चुकला' असे. पुढे नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने बोइंग आणि उपकरणनिर्मात्यांवरील निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. पण न्यायालयात ठरते ते नुकसानभरपाईचे उत्तरदायित्व. अपघात कसा घडला, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो निकाल उद्धृत करणे ही आणखी एक चूक आहे, आणि ती सुशिक्षित लेखकांकडूनच जास्त होते.

'वैमानिक चुकला' येथे थांबणे

जुहूचे उदाहरण पाहावे. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे मोठे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. धावपट्टी अर्थातच पुरली नाही आणि विमान पुढे निघून गेले. सुदैवाने कोणीही दगावले नाही, त्यामुळे हा प्रसंग आजही गमतीने सांगितला जातो. गंमत बाजूला ठेवून विचार केला तर आठवते की १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमानही असेच चुकून जुहूला उतरले होते. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या देशांतले आणि अनुभवी वैमानिक १९ वर्षांच्या अंतराने नेमकी तीच चूक करतात, तेव्हा दोष केवळ त्यांच्या डोळ्यांत शोधून भागत नाही. धावपट्टीचा क्रमांक तिच्या दिशेवरून ठरतो; जुहूची धावपट्टी ०८ आणि सांताक्रूझची ०९, म्हणजे दोन्हींच्या दिशांत जेमतेम फरक आहे, आणि समुद्रावरून येणाऱ्या विमानाला आधी जुहू दिसते. धूसर हवेत पहिली दिसलेली धावपट्टी आपलीच असे वाटण्याची सोय तेथील भूगोलानेच करून ठेवली होती.

छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, येथे २६ एप्रिल १९९३ रोजी झालेल्या अपघाताची मांडणीही अशीच अपुरी होते. मुंबईला येणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाची धडक धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला बसली. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. ट्रक ही गोष्ट इतकी विलक्षण आहे की बहुतेक लेख तिच्यापुढे जातच नाहीत. चौकशीने मात्र दोन कारणे शेजारीशेजारी ठेवली होती: विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, आणि उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक थांबवण्याची व्यवस्था तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नाही. दोहोंपैकी एकही गोष्ट वेळीच सावरली गेली असती तर विमान सुखरूप वर चढण्याची शक्यता होती.

पावसाला किंवा धावपट्टीला कारण ठरवणे

मुंबईकरांना पावसाचे स्पष्टीकरण फार लवकर पटते. २२ जून १९८२ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ 'गौरीशंकर' मुसळधार पावसात येथे उतरताना आदळले आणि १११ पैकी १७ जण दगावले. 'जोरदार पावसामुळे अपघात' अशी याची नोंद अनेक याद्यांत सापडते. चौकशीनुसार, विमान जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर असताना वैमानिकाने उंचीचा अंदाज चुकून इंजिनांची शक्ती कमी केली आणि विमान वेगाने खाली येऊन आपटले. पावसामुळे उंचीचा अंदाज घेणे अवघड झाले हे खरे आहे, परंतु त्याच पावसात इतर विमाने उतरतच असतात. पाऊस ही परिस्थिती होती. कारण सांगायचे तर शेवटच्या १२ मीटरांत काय केले गेले ते सांगावे लागते.

केरळमधील कोळिकोडच्या ७ ऑगस्ट २०२० च्या अपघातात पावसाच्या जोडीला 'टेबलटॉप' धावपट्टी आली. डोंगरमाथ्यावरच्या अशा धावपट्टीमुळे विमान खाली घसरले आणि हानी वाढली, यात वाद नाही. पण ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे टाकून, आणि तीही पाठीमागून वारा असताना. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, ती पाळली गेली नाही. अहवाल आणखी पुढे जातो. विमान कंपनीच्या त्या तळावर कप्तानांची संख्या अपुरी होती, दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कप्तानाला करायचे होते, आणि त्यामुळे कोळिकोडलाच उतरण्याकडे त्यांचा कल झाला असावा, असे त्यात म्हटले आहे. माझ्या मते संपूर्ण अहवालातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि बातम्यांमधून तोच सर्वांत आधी गळाला. ड्युटीच्या वेळापत्रकावर मथळा होत नाही.

डोंगरावरचे अपघात आणि त्यांभोवतीच्या कथा

७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान रात्री जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळून ९४ जण ठार झाले. आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा अधिक जवळ पोहोचलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती आणि त्याने वेळेआधीच उंची कमी केली. उपलब्ध साधनांनी स्थान पडताळले गेले नाही आणि किमान सुरक्षित उंचीही पाळली गेली नाही.

याच साच्यात आल्प्समधील मों ब्लां शिखरावरचा २४ जानेवारी १९६६ चा अपघात बसतो. मुंबईहून लंडनला निघालेले 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्यापूर्वी शिखराजवळ आदळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जणांचा अंत झाला. विमानातील दिशादर्शनाच्या दोन संचांपैकी एक नादुरुस्त होता. वैमानिकाने आपले स्थान चुकीचे कळवले, रडार नियंत्रकाने ते दुरुस्त केले, परंतु दुरुस्तीच्या शब्दांवरून आपण शिखर ओलांडले आहे अशी वैमानिकाची समजूत झाली, असा फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष होता. सह्याद्री असो की आल्प्स, दोन्हीकडे बिघाड स्थानाच्या अंदाजात होता. अपघातांचे वर्गीकरण या पद्धतीने केले की जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारी यंत्रणा पुढे विमानांत अनिवार्य का झाली, हेही उलगडते.

भाभांच्या निधनामुळे या अपघाताला परकीय गुप्तहेर संस्थेच्या कटाची जोड दिली जाते. या कथेला अवशेषांतून किंवा नोंदींतून आधार मिळालेला नाही. येथे आणखी एक गोंधळ होतो: मों ब्लांवर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' हे विमानही कोसळले होते, आणि बोसाँ हिमनदीतून अधूनमधून वर येणाऱ्या वस्तू कोणत्या विमानाच्या, हे न तपासताच लिहिले जाते. २०२० मध्ये सापडलेली, इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली वृत्तपत्रे मात्र निःसंशय १९६६ ची.

प्रत्येक घातपाताची शंका खोटीच असते, असे मात्र समजू नये. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ कोसळलेल्या एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाच्या बाबतीत समुद्राच्या सुमारे २ किलोमीटर खोलीतून काढलेले ध्वनिमुद्रण यंत्र, अवशेषांवरील खुणा आणि त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर सामानात झालेला स्फोट यांवरून न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीने सामानकक्षात बॉम्ब असल्याचा निष्कर्ष काढला. ३२९ जणांच्या मृत्यूचे ते कारण पुराव्याने ठरले. मों ब्लांच्या कथेत नेमका पुरावाच नाही.

केवळ यंत्राचा बिघाड असतो तेव्हा

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेल विमानाच्या एका इंजिनातील काँप्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) चकती धातूच्या थकव्यामुळे, म्हणजे वारंवारच्या ताणाने तडा जाऊन, तुटली, इंधनवाहिन्या फाटल्या, आग लागली आणि परत फिरलेले विमान धावपट्टीजवळ कोसळून ९५ जण गेले. येथे सुरुवात निर्विवादपणे यंत्रातून झाली. तरीही 'इंजिन बंद पडले' हे वर्णन चुकीचेच ठरते, कारण दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उतरू शकते. आगीने हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा आणि तिच्याबरोबर नियंत्रण गेले, म्हणून विमान गेले. धातूच्या थकव्यावरून आठवले म्हणून सांगतो: कॉमेट विमाने चौकोनी खिडक्यांमुळे फुटली, हे वाक्य सर्रास वापरले जाते. १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ पडलेल्या कॉमेटच्या सापडलेल्या तुकड्यात तडा सुरू झाला होता तो छतावरील अँटेनाच्या झरोक्यापाशी. प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे.

आकडे, आणि प्राथमिक अहवाल

पहिल्या दिवशीचा मृतांचा आकडा पुढे क्वचितच कायम राहतो, आणि विमानातील मृत व जमिनीवरील मृत वेगळे न सांगितल्यास घोटाळा होतो. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी कोसळलेल्या बोइंग ७८७ मधील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ मिळून २६० जण मरण पावले. २४१ आणि २६० हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. अहमदाबादचा आधीचा मोठा अपघात १९ ऑक्टोबर १९८८ चा. तेव्हाचे विमान मुंबईहूनच निघाले होते. स्थळ एकच असल्यामुळे जुनी छायाचित्रे नव्या मजकुराला जोडली जातात, म्हणून विमानाचा प्रकार पाहून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोष देणे हा नसतो, आणि सुमारे ३० दिवसांत येणाऱ्या प्राथमिक अहवालात हाती लागलेल्या नोंदी मांडल्या जातात, कारण ठरवले जात नाही. १२ जुलै २०२५ च्या अहवालात उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'कटऑफ' म्हणजे इंधन बंद करणाऱ्या स्थितीत गेल्याची नोंद आहे, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का बंद केले असे विचारले व दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, इतके आहे. कोण कोणाशी बोलले, हे त्यात नाही. त्या अहवालाच्या आधारे लिहिताना 'स्विच कटऑफ स्थितीत गेले' असे लिहावे. 'वैमानिकाने स्विच बंद केले' हे वाक्य त्या अहवालात कोठेही नाही.