बाळाचं सामान अचानक संपलं? या चुका टाळा

बाळाचं सामान बहुधा दुकानं बंद झाल्यावरच संपतं. मग घरात धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीत माणसं नको त्या वस्तूसाठी घाबरतात. डायपरचं पाकीट रिकामं झालं की कुणीतरी मध्यरात्री गाडी काढतं. दुधाच्या पावडरीचा डबा तळाला गेला की मात्र ‘आता जरा पातळ करू, सकाळी आणू’ म्हणत वेळ मारून नेली जाते. खरं तर हे उलट व्हायला हवं. जे बाळाच्या अंगाला लागतं, त्याला घरात पर्याय सापडतो. जे पोटात जातं, त्याला बहुतेक वेळा सापडत नाही. म्हणून सुरुवात पोटापासून.

पावडर पातळ करून पुरवणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, आणि ती लवकर लक्षातही येत नाही. बाटली भरलेली दिसते, बाळ पितं, झोपी जातं. पण लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. पाणी वाढलं की रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ मलूल पडतं आणि ते फारच उतरलं तर झटके येतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला दोन दुधांच्या मध्ये भूक भागवायला नुसतं पाणी किंवा साखरपाणी पाजू नये, ते याच कारणाने.

समजा डब्यात तीन चमचे उरलेत आणि डब्यावर ३० मिलिलिटरला एक चमचा असं लिहिलंय. तर ९० मिलिलिटर दूध करा, नेहमीच्याच प्रमाणात. बाळाचं पोट कदाचित पूर्ण भरणार नाही, ते कुरकुरेल, पण तुम्हाला दुसरा डबा शोधायला वेळ मिळेल. उलट दिशेची चूकही होते: ‘पोटभर राहील’ म्हणून शेवटची बाटली दाट करणं. त्यात बाळाला पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

शोधतानाही एक अडचण आपणच उभी करतो. ‘आमच्या बाळाला तीच कंपनी लागते’ असं म्हणत चार ठिकाणी फोन होतात आणि समोर असलेला दुसरा डबा घेतला जात नाही. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला त्याच वयोगटाची दुसऱ्या कंपनीची साधी पावडर चालते. दोन-चार दिवस शीचा रंग किंवा वेळ बदलेल, गॅस होईल, इतकंच. ज्यांचं बाळ दुधाच्या ऍलर्जीमुळे, चयापचयाच्या आजारामुळे किंवा वेळेआधी जन्मल्यामुळे खास पावडरीवर आहे, त्यांनी मात्र असा बदल स्वतःच्या मनाने करू नये. त्यांनी रात्र असली तरी डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयाच्या बालरोग विभागाला फोन करावा. असा फोन करायला संकोच वाटतो खरा, पण हे फोन त्यांच्या रोजच्या कामातलेच असतात.

नवा डबा आला की जुना चमचा फेकून द्या. प्रत्येक कंपनीच्या चमच्याचं माप वेगळं असतं, आणि जुन्या चमच्याने नवी पावडर मोजली की प्रमाण नकळत बिघडतं. शेजाऱ्यांकडून उघडलेला डबा घेणार असाल तर तो कधी उघडला तेही विचारा. उघडलेली पावडर साधारण महिनाभरात संपवायची असते. मुदत उलटलेली पावडर तर तुटवड्यातही नको.

घरच्या घरी ‘फॉर्म्युला’ (पावडरीच्या दुधाला पर्याय) बनवणं

दूध, साखर आणि तेल किंवा तत्सम काहीबाही घालून बनवायच्या कृती इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्या लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण बाळाला लागणारं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांचं प्रमाण स्वयंपाकघरात जमत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घरगुती फॉर्म्युल्यावर असलेल्या काही बाळांच्या रक्तातलं कॅल्शियम इतकं घटलं होतं की त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

मग गाईचं दूध? इथे वय महत्त्वाचं. सहा महिन्यांखालच्या बाळाला नाही. त्यात लोह कमी, आणि प्रथिनं व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत इतके जास्त. सहा महिन्यांवरच्या, साध्या पावडरीवर असलेल्या बाळासाठी अगदीच इलाज नसेल तर थोडी मुभा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कारखान्याचं उत्पादन थांबलं आणि देशभर फॉर्म्युल्याचा तुटवडा पडला. तेव्हा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा बाळांना साय न काढलेलं, पाश्चराइज केलेलं गाईचं दूध थोडे दिवस, जास्तीत जास्त आठवडाभर, चालेल असं सांगितलं होतं. ती सूट तुटवड्यापुरती होती, सोय म्हणून नव्हती. आणि हे करतानाही डॉक्टरांशी बोललेलं बरं. बदाम, ओट वगैरेंची वनस्पतिजन्य दुधं वर्षाखालच्या बाळाला दुधाच्या जागी देऊ नयेत.

आणखी एक सवय इथेच सांगून टाकते. रडणाऱ्या बाळाला गप्प करायला बोटावर मध चाटवला जातो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो, आणि मध उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत.

बाळ अंगावरही पीत असेल तर अशा वेळी त्याला जास्त वेळा छातीशी घ्या. जितकं दूध ओढलं जातं तितकं तयार होतं, फक्त त्याला काही दिवस लागतात. त्यामुळे रात्रीच्या पेचावर हे एकटं उत्तर ठरत नाही. पंप बिघडला असेल तर हाताने दूध काढता येतं. ओळखीच्या किंवा अनोळखी बाईचं काढलेलं दूध तपासणीशिवाय पाजणं मात्र टाळा. मिल्क बँकेत दात्या आईची तपासणी होते, दूध पाश्चराइज होतं. मैत्रिणीच्या फ्रिजमधल्या बाटलीचं तसं होत नाही.

उरलेलं दूध जपून ठेवणं

डबा संपत आलेला असताना बाटलीतलं अर्धं दूध ओतून द्यायला हात धजत नाही. तरी द्यावं लागतं. बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभराने टाकून द्यायची, कारण लाळेतले जंतू दुधात वाढतात. तोंड न लावलेलं, तयार केलेलं दूध बाहेर दोन तास टिकतं. लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर २४ तास. त्यामुळे तुटवड्यात एकदम मोठी बाटली न करता थोडं थोडं करावं आणि बाळाने मागितलं तर पुन्हा करावं. वाया जाण्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

घाईत दूध कोमट पाण्यात कालवण्याचा मोह होतो. पावडर निर्जंतुक नसते, तीत क्रोनोबॅक्टर नावाचा, तान्ह्यांना गंभीर संसर्ग करणारा जिवाणू असू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पाणी उकळून, ते किमान ७० अंश सेल्सियस असतानाच पावडर मिसळायला आणि मग बाटली गार करून पाजायला सांगते. अगदी तान्ह्या आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत हा नियम ढिला करू नका. मायक्रोवेव्हमध्ये बाटली गरम करणंही टाळा. बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा घोट तोंड पोळण्याइतका गरम असतो.

निपल फाटलं आणि दुसरं नाही, तर तेच चालवू नका. तुकडा सुटून घशात अडकू शकतो. स्वच्छ छोटा पेला किंवा वाटी-चमचा पुरतो. बाळाला जवळजवळ बसतं धरा, पेल्याची कड खालच्या ओठाला टेकवा, दूध ओठांपर्यंत येऊ द्या आणि त्याला स्वतः घेऊ द्या. तोंडात ओतायचं नाही. सांडेल, वेळ लागेल, पण अगदी नवजात बाळही असं पितं. निर्जंतुकीकरणाचं द्रावण संपलं असेल तर धुतलेली भांडी पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळली की झालं.

मोठ्या भावंडाचं औषध तान्ह्याला देणं

तापाचे थेंब संपलेत, कपाटात मोठ्या मुलाच्या पॅरासिटामॉल सिरपची बाटली आहे. औषध तेच, मग काय बिघडलं? बिघडतं ते मापात. बाळांच्या थेंबांत बरेचदा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम औषध ५ मिलिलिटरमध्ये. थेंबांचं माप सिरपला लावलं तर औषध पुरत नाही. सिरपचं माप थेंबांना लावलं तर चौपटीहूनही जास्त जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला बाळाचं वजन आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही सांगून डोस विचारा, आणि तो सुईविना सिरिंजने मोजा. घरातले चमचे सगळे एका मापाचे नसतात.

मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका. ऍस्पिरिन मुलांना देत नाहीत, त्याने रेज सिंड्रोम (मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार) होऊ शकतो. सहा महिन्यांखाली डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय आयबुप्रोफेन नको. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर थेंब शोधत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. सहा-आठ तास शू झाली नसेल, तोंड कोरडं असेल, डोक्यावरची टाळू खोल गेली असेल किंवा बाळ दुधासाठीही जागं होत नसेल, तरीही तेच.

डायपर, वाइप्स आणि बाकीचं

इथे निश्चिंत व्हा. जुना सुती टी-शर्ट, पातळ टॉवेल, दुपटं, काहीही घडी घालून लंगोट होतो. मध्ये आणखी एक घडी ठेवली तर जास्त शोषतं. पिनेऐवजी गाठ मारा. फक्त गळू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका: कातडी घुसमटून पुरळ येतं, आणि पिशवी सुटून तोंडावर आली तर बाळ गुदमरू शकतं. शेवटचा डायपर ‘अजून थोडा चालेल’ म्हणून तासन्‌तास ठेवण्यापेक्षा कापड बरं. ओला डायपर वाळवून पुन्हा घालणं तर नकोच.

वाइप्सचं काम साधं पाणी आणि मऊ कापड उत्तम करतं. मुलींना पुढून मागे पुसा. ओटा-टेबल पुसायचे जंतुनाशक वाइप्स बाळाच्या अंगाला लावू नका. पुरळाचं मलम संपलं तर पेट्रोलियम जेली चालते. अंगाला लावायच्या पावडरीचा डबा बाळावर झटकू नका, ती श्वासात जाते. घरात पडलेलं खाजेचं मलमही नको, त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. साबण, शाम्पू संपला तर कोमट पाण्याने आंघोळ घाला.

धडा म्हणून ढीग आणणं

एकदा अशी रात्र गेली की दुसऱ्या दिवशी घरात डायपरचे डोंगर येतात. बाळाचं वजन वाढतं आणि अर्धी पाकिटं लहान पडतात. एका मापाची फार पाकिटं घेऊ नका, आणि दुधाची पावडर घेताना मुदत पाहा. एक न उघडलेला डबा नेहमी घरात असू द्या. तो ज्या दिवशी उघडाल, त्याच दिवशी पुढचा मागवा. औषधांच्या कपाटात बाळाचं वजन तारखेसह लिहिलेला कागद चिकटवा आणि दर महिन्याला बदला.