सायकॉलॉजिकल हॉरर गेमसाठी आशयसूचना कशी तयार करावी

सायकॉलॉजिकल हॉरर गेममधील भीती सहसा चाल करून येणाऱ्या राक्षसाची नसते. ती अपराधभावातून, स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा विश्वास उडण्यातून, जवळच्या माणसाने केलेल्या छळातून आणि एखाद्याच्या मृत्यूनंतर मागे उरलेल्या प्रश्नांतून उभी राहते. म्हणूनच असे गेम मनात दीर्घकाळ घर करून राहतात आणि म्हणूनच यांपैकी एखादी गोष्ट ज्याने प्रत्यक्ष सोसली आहे, त्याला ते बेसावध गाठतात. हॉरर गेम विकत घेणाऱ्याने घाबरण्याची तयारी ठेवलेली असते, पण सख्ख्या भावाच्या आत्महत्येची आठवण कोणत्याही पूर्वकल्पनेशिवाय पडद्यावर यावी, अशी तयारी त्याने ठेवलेली नसते. आशयसूचना, म्हणजे गेममध्ये कोणते त्रासदायक विषय येतात हे आधीच कळवणारा मजकूर, लिहायची ती या दोन गोष्टींमधल्या अंतरासाठी. गेम तयार करणाऱ्या छोट्या चमूला किंवा एकट्या निर्मात्याला ती कशी तयार करता येईल, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी सूचनेचे काम ठरवावे

सूचना दिली की प्रसंगाचा त्रास कमी होतो, असा समज सर्रास आढळतो. अशा सूचनांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सूचना वाचल्याने नंतरचा भावनिक त्रास कमी होत नाही, उलट प्रसंग सुरू होण्यापूर्वीची धास्ती वाढते आणि सूचना वाचूनही लोक तो आशय टाळतातच असे नाही, असे त्यात दिसून आले. यावरून सूचना निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काही जण काढतात, तो मला मान्य नाही. सूचना ही उपचार नव्हे, ती माहिती आहे. हा गेम घ्यावा का, आज खेळावा का, एकट्याने खेळावा का, हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूचा आहे आणि माहितीशिवाय तो अधिकार वापरता येत नाही. मात्र या अभ्यासातून एक धडा जरूर घ्यावा: नुसती सूचना देऊन निर्मात्याचे काम संपत नाही, तिच्या मागे खेळाडूला प्रत्यक्ष वापरता येईल असा पर्याय असावा लागतो.

वयाच्या वर्गीकरणावर विसंबून राहणेही पुरेसे नाही. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी ही व्यवस्था गेमचे वर्गीकरण करते, आणि वयासोबत हिंसा, भीती, अमली पदार्थ अशी आशयचिन्हेही दिली जातात. परंतु ती पालकांना आणि विक्रेत्यांना एका दृष्टिक्षेपात कळावीत म्हणून मुद्दाम ढोबळ ठेवलेली आहेत. पडक्या वाड्यातील भुताचा गेम आणि नैराश्यात बुडत जाणाऱ्या मुलीचा गेम यांवर भीतीचे चिन्ह एकच असू शकते. शिवाय चाळिशीतल्या माणसाला ‘हा गेम प्रौढांसाठी आहे’ हे कळून काहीच उपयोग होत नाही.

पहिली पायरी: संपूर्ण आशयाची नोंद करावी

सूचना आठवणीतून लिहू नये. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळत, हातात वही किंवा समोर तक्ता ठेवून, प्रत्येक अस्वस्थ करणारी गोष्ट टिपून घ्यावी. भिंतीवरचे लिखाण, ड्रॉवरमध्ये सापडणारी पत्रे, पार्श्वभूमीला ऐकू येणारे रडणे, पात्र मरते तेव्हाचे दृश्य, लोडिंगच्या वेळी येणारी वाक्ये, अचीव्हमेंटची, म्हणजे खेळताना मिळणाऱ्या मानचिन्हांची, नावे आणि फार थोडे लोक पोहोचतात ते पर्यायी शेवट, हे सारे या नोंदीत यायला हवे. सर्वांत तीव्र मजकूर पुष्कळदा अशा आडबाजूच्या कागदांतच दडलेला असतो, कारण तो लिहिताना ‘हे कोण वाचणार’ असे गृहीत धरलेले असते.

प्रत्येक नोंदीपुढे विषय काय आहे आणि तो किती वेळ टिकतो हे लिहावेच, पण तो कोणत्या रूपात समोर येतो हे लिहिणे त्याहून महत्त्वाचे आहे. एखाद्या गोष्टीचा केवळ उल्लेख होणे, ती ऐकू येणे, ती दिसणे आणि ती खेळाडूला स्वतःच्या हाताने करावी लागणे, या चार वेगवेगळ्या तीव्रता आहेत. शेवटची केवळ गेममध्येच शक्य असते. पात्राने स्वतःला इजा करून घेण्याचे दृश्य पाहणे आणि ते घडावे म्हणून स्वतः बटण दाबणे यांत फार मोठा फरक आहे. असा प्रसंग तुमच्या गेममध्ये असेल, तर ‘खेळाडूला हे कृत्य स्वतः करावे लागते’ हे सूचनेत स्पष्ट शब्दांत आलेच पाहिजे.

आत्महत्या, स्वतःला इजा, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ, प्राण्यांवरील क्रौर्य, व्यसन, खाण्याचे विकार, गर्भपात किंवा बाळाचा मृत्यू, कोंडून ठेवणे, हे विषय बहुतेकांच्या लक्षात येतात. निसटतात ते खास या प्रकारच्या गेमचे डाव. पात्राला त्याच्याच आठवणींबद्दल संभ्रमात टाकून हळूहळू खच्ची करणारा जोडीदार हा अनेकांसाठी कोणत्याही रक्तपातापेक्षा असह्य असतो. त्याचप्रमाणे काही गेम पडद्याबाहेर पाऊल टाकतात: गेम बंद पडल्याचा भास निर्माण करतात, खोटे एरर संदेश दाखवतात, संगणकावर नोंदवलेले खेळाडूचे खरे नाव उच्चारतात, किंवा गेमच्या फोल्डरमधील फाइल नाहीशा करतात. २०१७ साली आलेल्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ने या शेवटच्या युक्तीचा अतिशय परिणामकारक वापर केला. परंतु आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे अशा भावनेशी ज्या व्यक्तीचा रोजचा झगडा आहे, तिच्यासाठी हा केवळ चतुर डाव राहत नाही. अशा गेममध्ये ‘हा गेम संगणकात बिघाड झाल्याचा आभास निर्माण करतो आणि तुमच्या नावाचा वापर करतो, तुमच्या वैयक्तिक फाइलना तो हात लावत नाही’ असे एक वाक्य असावे, आणि अर्थातच ते खरे असावे.

दुसरी पायरी: वैद्यकीय धोका वेगळा काढावा

लखलखाट आणि वेगाने बदलणारे रंग ही आशयाची बाब नाही. प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा आजार, असलेल्या व्यक्तीला त्यामुळे झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक लोकांना, त्यांत बहुसंख्य मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. वेबसाठीच्या सुलभता निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट नसावा, अशी मर्यादा घातलेली आहे आणि गेमसाठीही ती पाळण्याजोगी आहे. येथे सूचना पुरेशी नाही. लखलखाट कमी करावा, किंवा तो पूर्ण बंद करण्याचा पर्याय गेम सुरू होण्यापूर्वीच द्यावा. ही सूचना विषयांच्या यादीत मिसळू नये, स्वतंत्र लिहावी.

तिसरी पायरी: शब्द ठरवावेत

‘या गेममधील काही दृश्ये विचलित करू शकतात’ हे वाक्य कोणत्याही हॉरर गेमला लागू पडते, त्यामुळे ते कोणालाच काही सांगत नाही. दुसऱ्या टोकाला ‘काळीज घट्ट असेल तरच पुढे या’ अशा थाटाची सूचना असते, जी प्रत्यक्षात जाहिरात असते आणि ज्याला खरोखर थांबायचे आहे त्याला भित्रा ठरवते. दोन्ही टाळावे. सूचनेची भाषा औषधाच्या वेष्टनावरील मजकुरासारखी सपाट आणि नेमकी असावी.

कथा उघड होईल, ही निर्मात्यांची सर्वांत मोठी चिंता असते आणि ती रास्त आहे. त्यावरचा उपाय असा की विषय सांगावा, पण कोण, केव्हा आणि का हे सांगू नये. समजा, बेपत्ता बहिणीचा शोध घेणाऱ्या स्त्रीची कथा आहे आणि बहिणीने आत्महत्या केली होती हे शेवटी उलगडते. ‘नायिकेच्या बहिणीचा मृत्यू आत्महत्येने होतो’ असे लिहिल्यास कथा संपली. ‘या गेममध्ये आत्महत्येचा वारंवार उल्लेख असून एका प्रसंगात ती अप्रत्यक्षपणे दाखवली आहे’ असे लिहिल्यास, ज्याला गरज आहे त्याला पुरेसे कळते आणि इतरांचे रहस्य शाबूत राहते. त्याहून अधिक तपशील हवा असणाऱ्यांसाठी दुसरा स्तर ठेवावा: ‘सविस्तर सूचना पाहा, यात कथेचे तपशील उघड होतात’ असे बटण देऊन त्यामागे प्रकरणवार यादी द्यावी. ज्याला ती नको आहे त्याच्या नजरेस ती पडत नाही, त्यामुळे या दुसऱ्या स्तरात संकोच न करता लिहावे.

आत्महत्येच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वृत्तमाध्यमांसाठी आणि चित्रपट-नाट्य क्षेत्रासाठी दिलेल्या मार्गदर्शनात पद्धतीचे वर्णन टाळावे असे सांगितले आहे. तेच सूचनेलाही लागू आहे. कोणत्या मार्गाने हे सूचनेत लिहू नये.

मनोविकारांविषयी लिहिताना मनोविकार आणि क्रौर्य यांची गाठ घालू नये. ‘वेड्या खुन्याची दृश्ये’ असे लिहिणारी सूचना ज्यांना जपायचे त्यांनाच दुखावते. ‘भ्रम आणि ऐकू येणाऱ्या आवाजांचे चित्रण’ असे लिहिता येते.

चौथी पायरी: जागा आणि वेळ ठरवावी

पैसे देऊन झाल्यावर मिळालेली सूचना उशिरा मिळालेली असते. म्हणून ती सर्वप्रथम विक्रीच्या पानावर हवी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात निर्मात्याने प्रौढ आशयाचे वर्णन स्वतःच्या शब्दांत देण्याची सोय आहे; ती जागा एका ओळीत उरकू नये. दुसरी जागा गेम प्रथम सुरू होतो तो क्षण, भीतिदायक संगीत वाजू लागण्यापूर्वीचा. येथे सूचना आपोआप पुढे सरकू नये, खेळाडूने बटण दाबल्यावरच जावी. रक्त ओघळणाऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांत ती लिहू नये, तर साध्या, मोठ्या, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा मजकुरात द्यावी. तिसरी जागा मुख्य मेनू, जेथे ती केव्हाही पुन्हा वाचता येईल.

चौथी जागा प्रत्यक्ष प्रसंगाच्या आधीची, आणि ती ऐच्छिक असावी. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’च्या २०२१ मधील ‘प्लस’ आवृत्तीत विचलित करणाऱ्या प्रसंगांपूर्वी सूचना दिसण्याचा पर्याय खेळाडूला निवडता येतो. ज्याला तो नको त्याचा धक्का जसाच्या तसा राहतो. सूचनांमुळे हॉररची धार जाते, या आक्षेपाला मला हे समाधानकारक उत्तर वाटते.

पाचवी पायरी: सूचनेमागे नियंत्रण द्यावे

सूचना वाचून खेळाडूने काय करावे? ‘खेळू नका’ हा एकच पर्याय उरत असेल, तर सूचना अपुरी आहे. कोणत्याही क्षणी, कथादृश्य चालू असतानाही, गेम थांबवता आला पाहिजे. प्रसंग वगळता आला पाहिजे आणि वगळल्यावर कथेचा धागा तुटू नये म्हणून एक-दोन वाक्यांत सार मिळाले पाहिजे. रडणे, श्वास, कुजबुज यांचा आवाज स्वतंत्रपणे कमी करता यावा, कारण कित्येकांना दृश्यापेक्षा आवाज अधिक झोंबतो. सेव्ह करण्याच्या जागा इतक्या दूर नसाव्यात की बाहेर पडणे म्हणजे तासभराचा खेळ गमावणे ठरावे.

वगळणाऱ्याला दंड नको. २००९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये विमानतळावरील हत्याकांडाचा एक टप्पा होता. तो काहींना अस्वस्थ करील असे आधी सांगून, वगळल्यास गेम पूर्ण करण्यात नुकसान होणार नाही, अशी हमी दिलेली होती. २०२० मध्ये प्रथम आलेल्या ‘ग्राउंडेड’ने तर कोळ्यांची भीती असणाऱ्यांसाठी त्यांचे रूप टप्प्याटप्प्याने सौम्य करण्याची सोय केली. कोळी नाहीसे होत नाहीत, धोकाही कायम राहतो, बदलते ते फक्त दिसणे. तुमच्या गेममधील कोणती गोष्ट अशी बदलता येईल, हे पहिल्या पायरीतील नोंद पाहत ठरवावे.

सहावी पायरी: मदतीची माहिती द्यावी

२०१७ च्या ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’च्या प्रारंभी मनोविकृतीचे चित्रण असल्याची सूचना येते, ते घडवण्यात मानसोपचारातील तज्ज्ञांचा आणि स्वानुभव असलेल्यांचा सहभाग होता हे सांगितले जाते आणि मदतीसाठी एका संकेतस्थळाचा पत्ता दिला जातो. हा नमुना अनुकरणीय आहे. मात्र मदतवाहिन्यांचे क्रमांक देशानुसार वेगळे असतात आणि बदलतात. त्यामुळे ते गेममध्ये कायमचे कोरून न ठेवता, अद्ययावत ठेवता येईल अशा पानावर द्यावेत. कथेतील पात्राच्या तोंडी मदतीचा क्रमांक कधीही घालू नये. तो खरा आहे की कथेचा भाग, हा संशय खेळाडूच्या मनात राहता कामा नये.

सातवी पायरी: इतरांकडून तपासून घ्यावे

वर्ष-दोन वर्षे तेच दृश्य दुरुस्त करणाऱ्या चमूला त्याची तीव्रता जाणवेनाशी होते. म्हणून गेम प्रथमच खेळणाऱ्या काही जणांना सूचना वाचायला द्यावी, गेम खेळू द्यावा आणि नंतर विचारावे की असे काय आले ज्याची कल्पना सूचनेवरून आली नव्हती. संबंधित विषयाचा स्वानुभव असलेल्या व्यक्तीचा सल्ला घ्यायचा असेल, तर तिला प्रसंग खेळायला लावू नये. लेखी वर्णन दाखवावे, केव्हाही थांबण्याची मोकळीक द्यावी आणि कामाचा मोबदला द्यावा.

प्रकाशनानंतर

गेम ज्या भाषांत विकला जातो, त्या सर्व भाषांत सूचना असली पाहिजे. संवाद भाषांतरित करून सूचना मूळ भाषेतच सोडून देणे ही निष्काळजी आहे. नवे प्रकरण किंवा नवा शेवट जोडताना नोंद पुन्हा तपासावी. गेम थेट प्रक्षेपित करणाऱ्यांना सविस्तर यादी सहज मिळावी, कारण त्यांच्या प्रेक्षकांनी गेमची पहिली सूचना पाहिलेली नसते. एखाद्या खेळाडूने सूचनेत न आलेला विषय कळवला, तर तो खरोखर इतका तीव्र आहे का, यावर त्याच्याशी वाद घालू नये. प्रसंग उघडून पाहावा, विषय तेथे असेल तर पुढच्या अपडेटची वाट न पाहता विक्रीच्या पानावर त्याच दिवशी जोडावा आणि गेममधील मजकूर त्यानंतरच्या पहिल्या अपडेटमध्ये बदलावा.