जुन्या नकाशावरून मराठवाड्याच्या सीमा आणि गावं कशी वाचावीत

नकाशा उघडला की नजर सीमारेषेवर जाते. आधी तळाचा समास वाचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंची शीटवर (इंचाला मैल, म्हणजे १:६३,३६०) मोजणीचं, छपाईचं आणि पुनर्मुद्रणाचं अशी तीन सालं असू शकतात. फसगत इथेच होते: पुनर्मुद्रणात सीमा सुधारलेली असू शकते, गावं मात्र जुन्या मोजणीचीच. म्हणून वहीत सीमेची तारीख वेगळी मांडा, वस्तीची वेगळी.

सीमेची तारीख तालुक्यांवरून काढा. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदरमध्ये आणि किनवट आदिलाबादेत असेल तर सीमा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची. उदगीर उस्मानाबादेत दिसलं तर त्यानंतरची, पण १९८२ ला लातूर जिल्हा होण्याआधीची. हिंगोली परभणीत असेल तर १९९९ च्या आधीची. गावाच्या नावावर एवढी भिस्त नको. अंबाजोगाईच्या जागी 'मोमिनाबाद' दिसलं म्हणून साल ठरत नाही, जुनी नावं छापत राहतात.

आता स्कॅन. ३०० डीपीआय पुरतं. कापडावर चिकटवलेला घडीचा नकाशा असेल तर तुकड्यांमधल्या फटी बघा: ३ मिलिमीटरची फट म्हणजे जमिनीवर १९० मीटर. प्रत्येक तुकडा क्यूजीआयएसमध्ये (नकाशे अक्षांश-रेखांशावर बसवायचं मोफत सॉफ्टवेअर) स्वतंत्र बसवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या शीटवर रेखांशातून सुमारे २ मिनिटं २७ सेकंद वजा करण्याची टीप शोधा. ज्यावरून बाकीचे रेखांश मोजले जात, त्या मद्रास वेधशाळेचाच रेखांश तेव्हा जास्त धरला गेला होता. ही वजाबाकी राहिली तर सगळं शिवार सव्वाचार किलोमीटर पूर्वेला सरकतं आणि माणूस उगाच नदी हलली म्हणतो.

नियंत्रणबिंदू, म्हणजे स्कॅन जमिनीवर बसवायला वापरायचे माहीत असलेले बिंदू, अक्षांश-रेखांशाच्या छेदांवर घ्या. पडताळणी दौलताबादच्या डोंगरासारख्या न हलणाऱ्या खुणांवर करा, गोदावरीच्या वळणांवर नको. नकाशा बसवण्याच्या पद्धतींपैकी 'थिन प्लेट स्प्लाइन' टाळा. ते चुकीचा बिंदूही ओढूनताणून बसवतं आणि चूक झाकली जाते.

वस्ती वाचायला पैठणच्या वरच्या अंगाची शीट घ्या. जायकवाडीआधीच्या नकाशात गोदाकाठची गावं दिसतात, आज तिथे नाथसागर आहे. त्याच नावाचं गाव दूरवर सापडलं तर ते पुनर्वसित असू शकतं; दोन्ही ठिकाणं वेगळी नोंदवा. आणि घरं दिसत नाहीत म्हणून गाव खोडू नका. बेचिराख गावाचं शिवार महसुली यादीत शाबूत असतं.